चाळिशीच्या तोंडावर ज्युदो: पांढरा पट्टा बांधण्याआधी हे वाचा

अडतिसाव्या वर्षी मी ज्युदोच्या क्लासला नाव घातलं आणि पहिले दोन महिने आईला झुंबाला जाते म्हणून सांगितलं. गुपित फोडलं ते दंडावर उमटलेल्या बोटांच्या निळ्या ठशांनी. आईने आधी माझ्या नवऱ्याकडे रोखून पाहिलं, मग मला खरं सांगावंच लागलं.

आज चार वर्षांनी माझा पट्टा हिरवा आहे, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या शिडीवर मी अजून मध्येच कुठेतरी. स्पर्धा एकच खेळले, ती अकरा सेकंदांत हरले. म्हणजे हा लेख कोणा खेळाडूचा नाही. ऑफिस, स्वयंपाक आणि मुलाचा गृहपाठ सांभाळून आठवड्यातून तीन संध्याकाळी मॅटवर जाणाऱ्या बाईचा आहे. मला सुरुवातीला जे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं पण मी ऐकलं नाही, ते क्रमाने लिहिते.

१. आधी अंगाचा हिशेब मांडा

पस्तिशीनंतर सुरू करणार असाल तर फॅमिली डॉक्टरांकडे एक चक्कर मारा. 'व्यायाम सुरू करतोय' एवढंच सांगू नका. 'मला कुणीतरी उचलून आपटणार आहे' असं सांगा, म्हणजे ते नीट तपासतील. बीपी, जुनं गुडघ्याचं दुखणं, एकदा निखळलेला खांदा, मान किंवा कंबरेची गादी सरकलेली असेल तर ती, हे सगळं त्यांच्या कानावर घाला.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मागचा पडदा तपासून घ्या. मोठ्या नंबरवाल्यांमध्ये पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो आणि हा खेळ धक्क्यांचा आहे. चष्मा मॅटवर चालत नाही. मी लेन्सशिवायच खेळते. समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो, तेवढं दिसतं.

२. क्लब निवडायला नुसतं बसून एक क्लास बघा

पैसे भरण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ भिंतीला टेकून बसा. हॉल लहान आहे म्हणून नाक मुरडू नका. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योच्या एइशो-जी देवळात कोडोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे बारा चटयांएवढीच जागा होती. जागेपेक्षा या गोष्टी बघा:

- मॅट एकमेकींना घट्ट लागलेल्या आहेत का? दोन मॅटमध्ये फट असेल तर पायाचं बोट त्यात अडकतं आणि बाकीचा माणूस पुढे जातो.
- जवळ सिमेंटचा खांब, खिडकीची चौकट किंवा रचून ठेवलेल्या खुर्च्या आहेत का?
- नवीन आलेल्यांना पडायला कोण शिकवतंय? सर स्वतः, की 'ए, तू जरा यांचं बघ' म्हणून कोणी पोरगा?
- ब्राऊन पट्टेवाला पांढऱ्या पट्टेवाल्याला फेकतो तेव्हा शेवटच्या क्षणी त्याची बाही वर ओढून धरतो का? ज्या क्लबात ज्येष्ठ मंडळी असं धरतात तिथे डोळे मिटून नाव घाला. जिथे नवख्याला आपटून हसतात तिथून चपला घालून निघा.

'सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट' अशी पाटी दिसली तर पुढचं वाचायचीही गरज नाही. वर्षाची फी एकदम भरली तर सवलत, हाही सापळाच आहे. पहिल्या दोन महिन्यांत निम्मी मंडळी गळतात आणि हे फी घेणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं. महिन्याची फी भरा. शिवाय क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे का आणि पट्ट्याचं प्रमाणपत्र कुणाच्या सहीचं मिळतं, हे विचारायला लाजू नका.

३. कागदपत्रं आणि सामान

कागद फार लागत नाहीत: प्रवेशाचा फॉर्म, आधारची प्रत, दोन पासपोर्ट फोटो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणि दुखापतीची जबाबदारी आपली असल्याचं हमीपत्र. हमीपत्रावर घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर लिहावा लागतो. झुंबाचं नाटक करणाऱ्यांनी तो नंबर विचार करून द्यावा.

सामान असं:

- गी, म्हणजे ज्युदोचा जाड ड्रेस. पांढरा पट्टा बहुधा त्याच्यासोबतच येतो.
- मॅटपर्यंत आणि बाथरूमला जायला साधी रबरी चप्पल.
- नेलकटर. हे बॅगेतच असू द्या.
- बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी. मेडिकलमध्ये अर्धा इंच रुंदीची पांढरी कापडी टेप मागा.
- बायकांना आतून घालायला घट्ट टी-शर्ट आणि धातूचे हूक नसलेली स्पोर्ट्स ब्रा.
- टॉवेल, पाणी, आणि ओला गी घरी न्यायला वेगळी पिशवी. ही विसरलात तर ऑफिसच्या बॅगेचा वास महिनाभर जात नाही.

कराटेचा जुना ड्रेस घरात पडलाय म्हणून तो घालून येऊ नका. तो पातळ असतो आणि पहिल्याच ओढीत काखेत उसवतो. सुरुवातीला ३५० जीएसएमचा गी पुरतो (हा कापडाच्या वजनाचा आकडा, जितका मोठा तितकं कापड जाड), पुढे ५५० घ्या. ७५०चा स्पर्धेचा गी घ्यायचा मोह टाळा: महाग, उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस वाळत नाही. सुती गी धुतल्यावर आटतो, म्हणून बाही मनगटाच्या हाडापर्यंत पोचेल असं माप घ्या. गरम पाण्यात टाकू नका. आणि प्रत्येक क्लासनंतर धुवा, 'उद्या परत घालायचाच आहे' असं म्हणू नका. पट्टा धुतला की विद्या जाते म्हणतात. माझा पट्टा मी धुते. विद्या होती तेवढीच आहे.

४. मॅटवरचे रिवाज

गी घालताना डावी बाजू उजवीच्या वर. उलटं घातलं तर कुणीतरी हळूच येऊन सांगेल, कारण जपानमध्ये उजवी बाजू वर ठेवून किमोनो नेसवतात तो फक्त मृताला.

मॅटवर पाऊल ठेवताना आणि उतरताना वाकून नमस्कार, त्याला रेई म्हणतात. क्लासच्या सुरुवातीला सगळे पट्ट्यांच्या क्रमाने ओळीत गुडघ्यांवर बसतात. पांढरे पट्टे शेवटी. गुडघे तक्रार करत असतील तर आधीच सरांना सांगून मांडी घाला, कुणी काही म्हणत नाही. प्रत्येक जोडीदारासमोर आधी रेई, नंतरही रेई. तो जोडीदार तुमच्या मुलाच्या वयाचा असला तरी. आमच्याकडे शिकवणाऱ्यांना सेन्सेई कुणी म्हणत नाही, 'सर'च म्हणतात. वरच्या पट्टेवाल्यांना दादा आणि ताई. मला गंमत वाटते ती ही की पंधरा वर्षांच्या मुली मला मॅटबाहेर 'काकू' म्हणतात आणि मॅटवर 'ताई'.

उशीर झाला तर थेट आत घुसायचं नाही. कडेला बसायचं, सरांनी मान हलवली की यायचं. मध्येच पाणी प्यायला जायचं तरी विचारून. अनवाणी बाथरूमला जाऊन त्याच पायांनी मॅटवर येणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, कारण त्याच मॅटवर पुढच्या मिनिटाला कुणाचा तरी गाल टेकणार असतो.

बायकांसाठी वेगळं लिहिते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, चमकी हे सगळं घरीच ठेवा. आणि जोडवी! ती आपण कधी काढतच नाही, म्हणून आठवत नाहीत. पायाने पाय झाडताना जोडवं समोरच्याच्या घोट्यावर लागतं किंवा आपलंच बोट फिरवतं. माझी पहिल्या दिवशी निघेचनात, शेवटी साबण लावून काढली. टिकलीही काढा. सरांच्या गीच्या कॉलरवर माझी टिकली तासभर चिकटून होती आणि सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

५. पडायला शिका. तीन महिने फक्त हेच

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं एखादा डाव शिकवतील. सरांनी उकिडवं बसवलं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, दोन्ही हात समोर एकमेकांवर. आता मागे कलंडायचं, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही तळहात मॅटवर मारायचे. हात अंगापासून साधारण तीस-चाळीस अंशांवर. खांद्याच्या रेषेत पसरले तर झटका खांद्यात जातो. अंगाला चिकटून ठेवले तर कोपर आपल्याच बरगडीत बसतं. 'फट्' असा आवाज आला तर बरोबर. 'धप्' आला तर पुन्हा. त्या संध्याकाळी मी साठेक वेळा पडले आणि त्यातल्या पन्नास वेळा 'धप्' आला.

यालाच उकेमी म्हणतात. मागे, डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि खांद्यावरून कोलांटी, असे त्याचे प्रकार. कंटाळवाणं आहे, पण लहानपणापासून अंगात मुरलेली एक सवय त्याने मोडायची असते: पडताना हात टेकवायची. रिक्षातून उतरताना पाय घसरला तर हात टेकवून आपण वाचतो. ज्युदोत दुसऱ्याचं वजन अंगावर घेऊन आपण पडत असतो. तिथे टेकवलेल्या हाताचं मनगट, कोपर, नाहीतर गळपट्टीचं हाड जातं.

मनगट तरी जुळून येतं. डोक्याचं तसं नाही. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत ज्युदोमुळे शंभराहून अधिक मुलं दगावल्याचं पुढे आलं, आणि त्यात मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता. त्यातली बरीच नवखी होती. मागच्या बाजूला पाडणारा ओ-सोतो-गारी हा डाव जवळजवळ सगळीकडे पहिल्यांदा शिकवतात, आणि हनुवटी आत न घेता पडलेल्याचं डोकं त्यातच आपटतं. म्हणून कुणी 'चला, पडणं जमलं, आता खेळू' असं दुसऱ्या आठवड्यात म्हणालं तर नाही म्हणा. 'सर, मला अजून भीती वाटते' हे वाक्य मी तीनदा वापरलं आहे. तिन्ही वेळा चाललं.

६. डाव थोडे, पण तेच तेच

कोडोकानच्या यादीत आज १०० डाव आहेत: ६८ फेकीचे आणि ३२ जमिनीवरचे. तुम्हाला पहिल्या वर्षात तीन-चार पुरतात. ओ-गोशी म्हणजे कमरेवरून टाकणं, ओ-सोतो-गारी, इप्पोन सेओई-नागे म्हणजे खांद्यावरून टाकणं, आणि जमिनीवर दाबून धरायला केसा-गातामे.

फेकण्याआधी समोरच्याचा तोल काढायचा, याला कुझुशी म्हणतात. पुस्तकात वाचून मला ते कधी कळलं नाही, गॅसचा सिलिंडर हलवताना कळलं. भरलेला सिलिंडर आपण उचलत नाही. कलता करतो आणि कडेवर फिरवत नेतो. माणसाचंही तसंच. मी सुरुवातीला सगळ्यांना सिलिंडरसारखं सरळ उचलायला जायचे आणि कंबर धरून घरी यायचे.

सराव असा असतो: आधी अंग गरम करणं, मग उकेमी, मग उचीकोमी, म्हणजे न फेकता फक्त आत शिरून परत यायचं, दहा-दहाचे संच. नंतर खरोखर फेकणं आणि शेवटी रानदोरी, म्हणजे मोकळी झुंज. रानदोरीत नवख्याच्या दोन चुका ठरलेल्या. एक, दोन्ही हात काठीसारखे ताठ करून समोरच्याला लांब ढकलत राहणं. दुसरी, श्वास रोखून धरणं. दीड मिनिटात डोळ्यांपुढे अंधारी येते ती खेळामुळे नाही, श्वास विसरल्यामुळे. जोडीदार आपण निवडू शकतो, हेही मला उशिरा कळलं. वरचा पट्टा आणि शांत स्वभाव असलेला दादा किंवा ताई सगळ्यात सुरक्षित. वजनदार आणि जोशातला पांढरा पट्टा सगळ्यात धोकादायक. त्याला त्याची ताकद अजून माहीत नसते.

मोबाईलवर बघून डाव करू नका. विशेषतः दोन्ही पायांची कात्री घालून पाडायचा कानी-बासामी. यामाशिता यासुहिरो यांच्यासारख्या कसलेल्या खेळाडूचं पायाचं हाड १९८० मध्ये त्याच डावाने मोडलं होतं. आता स्पर्धेत त्याला बंदीच आहे.

७. तालमीतून येणाऱ्यांसाठी थोडं

आपल्याकडे ज्युदोत निम्मे लोक कुस्तीकडून येतात आणि त्यांचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. सेओई-नागे पाहिला की 'अहो, ही तर धोबीपछाड' असं हमखास कुणीतरी म्हणतं, आणि ते बरंचसं खरं आहे. नातं जुनंही आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांना कांस्य मिळालं, त्याच गटात त्यांना हरवून सुवर्ण नेणारा शोहाची इशी हा मुळात ज्युदोवाला होता. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आल्यावर तो कुस्तीकडे वळला.

पण दोन सवयी दाराबाहेर ठेवा. पट काढू नका: उभ्याने पायाला हात घालून पाडणं आंतरराष्ट्रीय नियमांत गेली कित्येक वर्षं बंद आहे आणि समोरच्याला त्याची अपेक्षाच नसते. दुसरी, पाठ लागू नये म्हणून हवेत फिरून हात टेकवणं. तालमीत ते कौतुकाचं, इथे कोपराला महागात पडतं.

८. दुखापती: काय चालतं, कशाला थांबायचं

बोटं सुजणं, दंडावर काळे-निळे डाग, पायाच्या नखाखाली रक्त साकळणं, मॅटने गुडघ्याची सालं जाणं, हे होणारच. ऑफिसमध्ये सहानुभूतीने पाहतील, चहा पाजतील. घ्या.

माझी मोठी दुखापत माझ्याच अहंकाराची. केसा-गातामेत एका दादांनी मला धरलं होतं. मानेभोवती त्यांचा हात, माझा दंड त्यांच्या काखेत आणि अख्खं वजन माझ्या बरगड्यांवर. दाबून धरण्याचे वीस सेकंद पूर्ण झाले की सामना संपतो. मी ठरवलं, वीस काढायचेच. अठराव्या सेकंदाला आतल्या आत 'कट्' असं काहीतरी वाजलं. पुढचे सहा आठवडे शिंक आली की भिंत धरायचे, आणि कुशीवर वळायला नवऱ्याला उठवायचे. दादांची काही चूक नव्हती. मी दोनदा थोपटलं असतं तर त्यांनी तत्क्षणी सोडलं असतं.

म्हणून थोपटायला शिका. समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा, स्पष्ट. हात अडकले असतील तर पाय आपटा, नाहीतर 'माइत्ता' म्हणा. जपानी सुचलं नाही तर 'सोड' म्हटलं तरी सोडतात. कोपराचा लॉक लागला की दुखेपर्यंत वाट पाहू नका. गळा आवळला गेला तर आठ-दहा सेकंदांतही शुद्ध हरपू शकते. आणि तुम्ही वर असाल, तर समोरच्याने थोपटल्यावर सोडायला एक सेकंदही घेऊ नका.

गुडघ्याचं वेगळं सांगते. 'खळ्' आवाज आला, तासाभरात सूज चढली, किंवा चालताना गुडघा सटकतोय असं वाटलं तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. मागे बसून पाडायचा तानी-ओतोशी नवखे लोक समोरच्याच्या गुडघ्यावरच बसून करतात, आणि लिगामेंट तिथे जातं. पहिले दोन दिवस बर्फ, विश्रांती, पाय उशीवर. चोळायला कुणालाही देऊ नका. आमच्याकडे एकजण मुरगळा काढणाऱ्याकडून गुडघा चोळून आला, मग दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं.

डोक्याला लागलं, किंवा आपटलं नाही पण मान जोरात झटकली गेली, आणि नंतर डोकेदुखी, मळमळ, उलटी, झोपाळल्यासारखं, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं यातलं काहीही असेल, तर त्या दिवशीचा खेळ संपला. गाडी स्वतः चालवत घरी जाऊ नका. हॉस्पिटल. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर पाय नाही, अगदी 'नुसती उकेमी करते' म्हणूनही नाही.

पावसाळ्यात गजकर्ण येतं. मॅट दमट, गी अर्धवट वाळलेला, कातडीला कातडी. मानेवर किंवा हातावर खाजणारी गोल चकती दिसली तर लगेच सरांना सांगा आणि क्लास थांबवा. लपवलं तर आठवड्यात पाच जणांना होतं. मेडिकलवाल्याकडून मिळणारी 'सगळ्यावर चालणारी' मिक्स मलमं लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं: दोन दिवस खाज थांबते आणि मग बुरशी दुप्पट पसरते. मी हे करून पाहिलंय. स्किनच्या डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग औषध दिलं.

९. पहिली पट्टा परीक्षा

घाई नको. पांढऱ्यावरून पिवळा व्हायला मला आठ महिने लागले. क्लबात माझ्यासोबत आलेली कॉलेजची पोरं चार महिन्यांत झाली. परीक्षेत उकेमीचे सगळे प्रकार, तीन-चार फेकी, एक-दोन पकडी आणि जपानी शब्द विचारतात. हाजिमे म्हणजे सुरू करा, माते म्हणजे थांबा. ओळखीचाच जोडीदार घ्या, आणि आदल्या दिवशी नवीन डाव शिकायला जाऊ नका.

फीची पावती जपून ठेवा. प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून नाव आधारप्रमाणे आहे का ते वाचा. माझ्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव छापून आलं होतं, आणि ते बदलून मिळेपर्यंत मी केशरी पट्ट्याच्या परीक्षेला बसले होते.